तीनात दोन

विद्यापीठातल्या त्या खोलीत पंखा कुरकुरायचा
आणि मी चकत्या मोजत बसायचे.
चपट्या, गरगरत्या, ताऱ्यांनी भरलेल्या दीर्घिका,
एका पानावर बारा.
मधोमध दांडा दिसला की फुली,
नाही दिसला की शून्य,
कळेनासं झालं की प्रश्नचिन्ह, आणि चहा.

पहिल्या महिन्यात फुल्या कमीच पडल्या.
तीनात एक, फार तर.
मग मुजावर सरांनी अवरक्त उजेडातले फोटो दिले,
धुळीपल्याडचं दाखवणारे,
आणि ज्यांना मी शून्य दिलं होतं
त्यांच्या पोटातून दांडे वर आले
जुन्या, तांबूस ताऱ्यांचे,
मळी काढल्यावर खालचा रस दिसावा तसे.
खोडरबर झिजलं.
तीनात दोन.

म्हणजे दांडा हा अपवाद नव्हेच. ती रीत.

फेब्रुवारीत वडणग्याला गेले, पहाटेच्या काहिलीला.
अण्णांचा गुळव्या म्हणून चौतिसावा हंगाम.
"काय मोजत असतीस म्हणं रातच्याला?"
मी काहिलीकडं बोट केलं.
ही समजा एक चकती.
हिच्यात अब्जावधी ठिणग्या गोल फिरतायत.
ढवळणारं कुणी नाही,
तरी मधोमध दांडा धरतो, आपला आपण.
अण्णांनी फावडी थांबवली नाही.
"गरम हाय का गार?"

मी गप्प.
नेमका हाच प्रश्न तोंडी परीक्षेत
टाय लावलेल्या परीक्षकांनी विचारला होता,
आणि मला घाम फुटला होता.

"गार," म्हटलं. "तारे सैरावैरा पळत असतील तर नाही धरत.
शिस्तीत फिरत असतील तर एवढीशी खोट पुरते.
चार जण एका अंगाला कलतात,
त्यांच्या ओढीनं आणखी चाळीस.
गोल वाटा लांबट होतात,
लांबट वाटा एका रेषेत येतात."
"मग धरणारच की," अण्णा म्हणाले,
"वाफ्यात वतल्यावर बघ. उकळतंय तवर कुठं धरतंय?"

दांडा ही वस्तू नव्हे, हे मला तेव्हा
आमच्याच भाषेत कळलं.
दांडा म्हणजे ताऱ्यांना लागलेलं वळण.

"आणि तिसरं?"
आवाज खालून आला.
चुलवाणाच्या तोंडाशी, खड्ड्यात बसलेला सिद्राम,
चिपाड सारणारा.
काहिलीजवळ उभ्या माणसाला तो दिसत नाही.
"तीनातलं तिसरं? त्येला का न्हाई?"

काही अजून गरम आहेत, सिद्रामकाका.
काहींच्या भोवती न दिसणाऱ्या वस्तुमानाचा एवढा भार
की चकतीचं स्वतःचं काही चालत नाही.
काहींना शेजारणीचा धक्का बसला.
बऱ्याच जणींचं मला माहीत नाही.

त्या न दिसणाऱ्या भाराबद्दल आणखी सांगायचं होतं.
दांडा आपली गती थोडी थोडी त्यालाच देत राहतो
आणि देता देता मंद होतो, लांब होतो.
पण अण्णांचा हात तेवढ्यात दंडापासून थरथरला,
फावडी काठावर टेकली,
आणि मी ते वाक्य गिळलं.

आग्नेयेला धनू रास वर आली होती.
तिच्या खाली कोल्हापूरचा पिवळा उजेड,
त्यात निम्मी बुडालेली.
तिकडंच आपल्या दीर्घिकेचं पोट, आणि त्यात दांडा,
बाजूनं बघणाऱ्याला भुईमुगाच्या शेंगेसारखा दिसेल असा.
आपण बाजूला नाही. आपण आतच.
म्हणून माझ्या वहीच्या एकाही पानावर
आपल्या घरापुढं फुली नाही.

अण्णांनी पाकाचा थेंब पाण्यात सोडला,
बोटांनी चाचपला,
गोळी माझ्या तळहातावर ठेवली.
चटका बसला.
"धरतंय," म्हणाले,
आणि खाली वाकून सिद्रामला सांगितलं, "जाळ कमी कर."