बहात्तरास एक

मोटर बहात्तर वेळा गरगरते
तेव्हा चाक एकदा फिरतं.
इद्वल म्हणतो, पुरे की.
ब्लायनायच्या खाणीत चाळीस वर्षं विंच चालवली त्यानं,
घाईनं तुटलेले दोर पाहिलेत.

विकतचा गिअरबॉक्स त्याला उथळ वाटला.
लेथवर त्यानं पितळेची बुशिंगं कातली,
मागचा डिफरन्शियल कायमचा जाम केला,
पुढची चाकं किंचित उतावीळ ठेवली:
ओढणाऱ्यानं ढकलणाऱ्याच्या
अर्धं पाऊल पुढेच असावं.

दोन गिअरचे दात एकमेकांत किती शिरावेत?
त्यासाठी कागदाची पट्टी,
दवाखान्याच्या पत्रातून फाडलेली.
दातांमधून ती चुण्या घेऊन बाहेर आली,
न फाटता.
पत्रातली तारीख गेल्या मंगळवारची होती.

रविवारी शेडमागच्या ढिगाऱ्यावर,
ज्या दगडाची कुणी छपरं केली नाहीत, पाट्या केल्या नाहीत
त्या दगडावर,
बुटाएवढा ट्रक चढला,
मुंगी साखरेकडे जाते तसा, शंका न घेता.
शेजारची नेस्ता खिशात हात घालून बघत होती.
अगदी वर, कडेशी, तो थांबला.
मोटर फिरतेय, गिअर फिरतोय, शाफ्ट ढिम्म.
"स्क्रूला गोंद लावायचा राहिला," इद्वल म्हणाला,
आणि निघाला.

एक हात दगडावर, एक गुडघ्यावर,
ओल्या चिपांवर प्रत्येक पाऊल आधी चाचपून.
मध्ये एकदा बसला.
नेस्तानं हाक मारली नाही,
घड्याळही पाहिलं नाही.

वर पोचल्यावर त्यानं आधी खिशातला पाना काढला,
मग श्वास घेतला.