वन्स मोअर

शहापूरच्या खडेबाजारात, रेडिओच्या दुकानात
मी तेव्हा सोल्डरिंग शिकत होतो.
दुरुस्त झालेला टीव्ही दोन तास चालवून बघायचा,
मगच गिऱ्हाइकाला द्यायचा.
त्यात लागलं कार्टून.

लांडगा. छातीवर पत्रा, हातात भाला,
डोक्यावर शिंगांचा टोप,
आणि "खाईन तुला" हेसुद्धा गाऊन सांगणारा,
मागे शंभरेक व्हायोलिनं.
पुढे बोकड. नवरी होऊन आलेला.
पिवळ्या वेण्या, हातभर पापण्या,
दाढी ओढणीत खोचलेली.

मी हसून हसून रोझिनचा डबा सांडला.

भरमाण्णा कडोलकर दारात उभे होते.
शाळांच्या गॅदरिंगला पोशाख भाड्यानं देतात ते:
यमाचे दोन मुकुट, सात मिशा, एक पोचा आलेली गदा.
आत आले, स्टुलावर बसले.
"चाल बघ त्याची," म्हणाले,
"डाव्या टाचेवर वजन.
पदर नाही, तरी पदर सांभाळालाय.
कुणीतरी शिकवलंय त्याला."

शेवटी लांडग्यानं वीज बोलावली.
बोकड पडला, एक वेणी सुटली.
मग लांडगाच रडायला लागला, तोही सुरात,
नवरीला उचलून डोंगर चढू लागला.
भरमाण्णांनी नाक पुसलं.
तेवढ्यात बोकडानं एक डोळा उघडला,
आमच्याकडे बघून इंग्रजीत काहीतरी बोलला.

"मेलेला उठालाय की हो!" मी म्हटलं. "काय म्हणाला?"
"वन्स मोअर आला असणार," भरमाण्णा म्हणाले.

नंदगडची जत्रा. तिसरा अंक. मी विष पिऊन आडवा.
सकाळी दोनदा दाढी केलेली, तरी गाल खाजत होता.
पुढून वन्स मोअर, मागून मत्तोम्मे,
कंदिलाच्या काचा हलल्या.
उठलो. पद पहिल्यापासून म्हटलं. परत मेलो.
परत ओरडले.
तिसऱ्यांदा मेलो, तेव्हा
खांबाजवळची एक बाई
पहिल्यासारखीच रडली रे.
तिला ठाऊक होतं, मी उठणार.

पुढं हुबळीहून खरी बाई आणली मालकांनी.
मला भाला दिला.

गिऱ्हाईक आलं. मी बटण दाबलं,
चित्र आकसत आकसत
मोहरीएवढं झालं, गेलं.
"परत लाव की," भरमाण्णा म्हणाले.
"टीव्हीला तसं नसतंय हो," मी म्हटलं.

ते थोडा वेळ काळ्या काचेकडे बघत बसले.
मग गाल चाचपला, आणि विचारलं,
त्या लांडग्याचा टोप
पुठ्ठ्याचा होता का पत्र्याचा?