लाल दिवा

दुकानातला नाही, मी स्वतः जोडलेला अँप्लिफायर.
झाकण जुन्या कूलरच्या पत्र्यातून कापलेलं,
थंडीत मांजर त्यावरच निजते.
आत ट्रान्सफॉर्मर. तीस वर्षं डीपीवर चढलो,
घरात एवढासाच उतरवून आणला.

बंद करायचा नाही, असा माझा नेम.
गरम राहिला की आवाज मऊ येतो;
बटण दाबताच स्पीकरच्या छातीत जो धप्पकन धक्का बसतो
तो रोज रोज कशाला द्यायचा?
माझी माय रात्री चुलीतला इस्तो राखेखाली झाकून ठेवायची,
सकाळी गोवरी घेऊन शेजारच्या दारात उभं राहावं लागू नये म्हणून.
हे तेच, असं मी गिरजाला सांगितलं.

ती म्हणाली, "मायच्या इस्तवाले मीटर नव्हतं."

मग कॅलेंडरच्या पाठीवर तिनं हिशेब मांडला:
बारा वॅट, चोवीस तास,
महिन्याचे साडेआठ युनिट,
आणि वाजला किती? रविवारचे दोन तास.
"बाकी सारा वेळ जागाच राह्यते बिचारा.
वाजवाले ठेवा ना जी, जागवाले काऊन ठेवता?"

मी हरलो नाही. उत्तर सुचलं नाही, एवढंच.

वैशाखात वावधन सुटलं.
नाल्यापलीकडे वीज पडली
आणि मी, तीस वर्षांचा लाइनमन,
अंधारात चाचपडत भिंतीतली पिन उपसली.
लाल दिवा लगेच गेला नाही.
आत साठवलेलं होतं थोडं, ते पुरवून पुरवून
आठ-दहा श्वास जळला.
मग घर असं गप्प झालं
की इतकी वर्षं मी एक बारीक घूंऽ ऐकत होतो
हे तेव्हा कळलं.

त्यानंतर पिन लावली नाही. कोण जिंकलं ते विचारू नका.

गेल्या रविवारी दिग्रसच्या बाजारातून
साडेचारच्या एस्टीनं परतलो,
थैली टेकवली, हात धुतले,
सवयीनं झाकणावर तळवा ठेवला.

कोमट होतं.
लाल दिवा लागलेला,
निदान अर्ध्या तासापासून तरी.

गिरजा निंबाखाली ज्वारी पाखडत होती.
सुपावरची नजर न उचलता म्हणाली,
"मांजरीले थंडी वाजत होती."

बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन.