शिलाई माझी आहे

आगाताचा मेसेज रात्री उशिरा आला.
तिकडं चौकात मोर्चा झाला, थंडी मरणाची,
आणि मी शिवलेले सातही झेंडे टीव्हीवर दिसले.
सकाळी एका पुढाऱ्यानं विचारलं म्हणे,
हे निळं कापड आलं कुठून?
कुणाच्या पैशानं?

गांधीनगरातनं आलं, साहेब.
मंगलानीच्या दुकानातनं, पन्हा चव्वेचाळीस,
सत्तर रुपये सांगत होता, पासष्टला दिलं.
मी दस्तगीर मास्तर, वळिवडे, लेडीज अँड जेंट्स.
पोरीला विचारलंत त्याचा जबाब मी देतो,
कारण शिलाई माझी आहे.

आधी ओळख सांगतो.
तिची आजी यानिना लढाईच्या दिवसांत
इथल्या कॅम्पात होती, हजारो पोलंडवाल्यांतली एक.
सगळ्यांची गावं मागंच राहिलेली.
माझे अब्बा तेव्हा अकरा वर्षांचे,
उस्तादाच्या पायाशी बसून काजं करायचे.
यानिनाचा फ्रॉक त्यांनी तीनदा उसवून लांब केला.
पोरगी वाढत होती, कापड रेशनवर,
पण आत माया होती.

तुम्हाला आमची बोली ठाऊक नसेल.
माया म्हणजे शिवणीच्या पोटात
दुमडून ठेवलेलं जादा कापड.
अंगावर दिसत नाही. मापात धरावं लागतं.

तुम्ही म्हणता, जोडून घेतलं की आपलं कमी होतं.
होतं. खोटं कशाला बोलू?
दोन तुकडे जोडायचे तर
ह्याचा अर्धा इंच आत जातो, त्याचाही.
कड जपून जोडलेलं मी पाहिलंय,
टाचण्यांवर चाललं, जेवायला बसला आणि फाटलं.

एका तुकड्यानं शिवण उसवून घेतली म्हणे मध्यंतरी.
घेता येते. कुणी कुलूप लावलेलं नसतं.
सुईची भोकं मात्र इस्त्रीनं जात नाहीत.

भाषा बुडेल म्हणता?
अब्बा मरेपर्यंत कंबर मोजताना
येदेन, द्वा, त्शी म्हणायचे
आणि टेप सापडली नाही
की शिव्या अस्सल कोल्हापुरी.

चांदण्या बाराच का, हे मीही तिला विचारलं होतं.
देश तर सत्तावीस.
ती म्हणाली, बारा म्हणजे सगळे.
मी म्हणालो, आमच्यातही बारा बलुतेदारच म्हणायचे,
फक्त शिंपी त्या बारांत नव्हता,
तो अलुत्यात.
ती हसली नाही. वहीत लिहून घेतलं.

इथं तरी काय वेगळं आहे?
हद्दवाढीच्या ग्रामसभेत मी हात वर केला
तेव्हापासून चहाच्या टपरीवर
माझं नाव फितूर.
गाव शहराला विकलास, मास्तर, किती मिळाले?
मी म्हणालो, पोरगं तापानं फणफणलं
की सीपीआरला पळवता,
तेव्हा वेस कुठं ठेवून जाता?
टाळी एकच पडली, तीही माझ्या मेव्हण्याची.

मग मागनं शेवंता कांबळे उठली.
घरफाळा तिप्पट झाला तर तू भरणार काय रं?
आणि लांबच्या हाफिसातला माणूस
माझं माप न घेताच कापड कापणार,
त्याला कोण सांगणार?

मला उत्तर आलं नाही.
घरी येऊन आगाताला विचारलं,
तुमच्याकडं असं कापतात का?
तिनं लिहिलं, कधीकधी.
मग?
मग ट्रायलला जायचं, भांडायचं, पुन्हा कापायला लावायचं.
शेवंताला हे सांगितलं.
ती म्हणाली, भांडायला सुट्टी कोण देतंय?
तेही खरंच.

राहिला पैशाचा प्रश्न.
बिलबुक उघडून ठेवलंय, कुणीही यावं.
झेंडे सात, कापड नि शिलाई मिळून एकवीसशे.
ॲडव्हान्स अठराशे जमा.
बाकी तीनशे.
बाहेरचा पैसा, बाहेरचा पैसा म्हणताय ना, साहेब,
तो मीही वाट बघतोय.