सहा आठवड्यांनी

फाइल वरच्या फळीवर होती,
लेकीच्या पहिल्या टोपड्याखाली.
वाशीच्या पालिका हॉस्पिटलचा शिक्का,
मुलगी, तीन किलो नऊशे
(वॉर्डातल्या सगळ्या बघून गेल्या, गुटगुटीत म्हणाल्या)
आणि अगदी तळाला, पेन संपत आल्यासारखं पुसट,
'सहा आठवड्यांनी आईची साखर तपासणे.'

सहा आठवड्यांनी मी गेलेच होते तिथे,
ईश्वरीच्या मांडीत सुई टोचून घ्यायला.
तिचं कार्ड बघा, एक चौकट रिकामी नाही.
माझं कुणी विचारलं नाही,
मीही आठवण करून दिली नाही.
तीन महिने पोटात इन्सुलिन टोचून घेतलेली बाई मी,
बाळंत झाले त्याच रात्री नर्सबाई म्हणाल्या,
सुटलात, आता खा काय ते.
आणि मेढ्याहून डिंकाचे लाडू आले
तेलाच्या डब्यात भरून.

अकरा वर्षं.
मालक तुर्भ्याच्या मार्केटात साखरेची पोती उचलतात,
पन्नास किलोचं एक, पाठीवर.
संध्याकाळी शर्ट झटकला की
गॅलरीत पायाखाली कुरकुर वाजतं.
मी झाडून घेते.
रात्री तीनदा उठते, माठ गाठते,
म्हणते उकाडा आहे.
डिसेंबरातही म्हटलं.
चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, म्हटलं वय.
छत्तीस.

आज कोपरखैरण्याच्या लॅबमध्ये,
सेक्टर सहा, खाली झेरॉक्सवाला बसतो तिथे,
उपाशीपोटीचं रक्त घेऊन झालंय.
पोरगा ग्लास पुढे करतो.
पंच्याहत्तर ग्रॅम, पाच मिनिटांत संपवायचं,
उलटी झाली तर उद्या परत यायचं.
मग दोन तास इथेच बसायचं, काकू.

आधी कधी केलीय ही टेस्ट?

केलीय.
तेव्हा घोट खाली उतरला
आणि आतून लाथ बसली होती, चांगली जोरात.
दोघींनी मिळून प्यायलं होतं ते.
आज पोटात काही हलत नाही.

फोन वाजतो. ईश्वरी.
आई, कुकरच्या शिट्ट्या किती?
तीन, सांगते तिला,
आणि आज तांदूळ वाटीभरच घे.
का गं?

भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे असं
त्या पोराने आधीच सांगून ठेवलंय.
म्हणजे अजून
एक तास चाळीस.