ओढ

आरे कॉलनी. पहाटेचे पावणेतीन.
बादल्या अजून पालथ्या.
लालधर टॉर्च धरतो,
मी रेडकाच्या तोंडात बोट घालते.
बोट तसंच राहतं.
जीभ गार, स्टीलच्या चमच्यासारखी.

सहा दिवसांचं. पेंडेच्या रिकाम्या पोत्यावर आडवं,
शेपटीखाली पिवळट पाणी, त्याला आंबूस वास.
मानेची कातडी चिमटीत धरून सोडली,
ती उभीच राहिली.
एक, दोन, तीन, चार,
लालधरही माझ्याबरोबर मोजत होता,
सात.
डोळा खोबणीत इतका मागे सरकलेला
की पापणीशी पेन्सिलीचं टोक मावावं.

शेठनं मला बोलावलं ते याच्यासाठी नाही.
म्हैस पान्हा चोरते आहे.
हे थानाला लागल्याशिवाय ती दूध सोडत नाही
आणि साडेतीनला टेम्पो येतो.

परळला शिकलेलं आठवतं:
जुलाबात पाणी जातं ते दिसतं,
पाण्याबरोबर मीठ जातं, सोडा जातो, ते दिसत नाही.
मग रक्त आंबायला लागतं,
विरजण न लावता.
पेशींच्या आतलं पोटॅशियम बाहेर येऊन बसतं
आणि काळीज ठोका द्यायला उशीर करतं.
साखर म्हणाल तर
दुकान बंद करताना गल्ल्यात उरते तेवढी चिल्लर.
या सगळ्यावर पेपरात आठ मार्क होते.
मला साडेसहा मिळाले.

"चीक किती पाजला होता?"
लालधर टॉर्च दुसऱ्या हातात घेतो.
"नर है, मॅडम."

चीक गेला.
कुठे गेला ते मी विचारलं नाही.
गेल्या रविवारी पार्ल्याला कुमुदमावशीकडे
खरवस होता, जायफळ घातलेला,
बोटानं दाबला की परत वर येणारा.
मी दोन वड्या मागून घेतल्या.
"अस्सल आहे," मावशी म्हणाली, "आरेचा."

सलाइन चहाच्या टोपात कोमट केलं.
मानेची शीर चपटी, तिसऱ्या टोचणीला सापडली.
बाटली कॅलेंडरच्या खिळ्याला. कॅलेंडर लालधरच्या काखेत.
सोडा थेंबाथेंबानं उतरत राहिला
आणि पलीकडे म्हैस,
दोर ताणून, मान वळवून,
मला नाही, बाटलीलाही नाही,
पोत्याकडे बघत.

टेम्पो आला. हॉर्न दिला. शेठ बाहेर जाऊन काहीतरी बोलला.

चार वाजून दहा मिनिटांनी कान थोडे कमी गार.
मान हलली, की मला वाटलं?
बोट पुन्हा आत घातलं.
आधी काही नाही.
मग टाळूशी काहीतरी दबलं,
एवढंसं,
आणि बोट आत ओढलं गेलं.

चिठ्ठीवर लिहिलं:
मीठ-साखरेचं पाणी, दिवसातून तीनदा.
दूध बंद करू नका.
दुसऱ्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

शेठनं चिठ्ठी दिव्याखाली धरली.
ओठ हलले. वाचत होता,
की लिटरला भावानं गुणत होता,
कळलं नाही.
"कितने दिन?" त्यानं विचारलं.

माझं बोट अजून ओलं होतं.