सतरा तारखेच्या आत

दुलूथमध्ये शाळेची बस चालवते मी,
बावीस वर्षं. एक पोर कधी उशिरा उतरवलं नाही.
पण पाचशे अठ्ठ्याऐंशी म्हणजे कोण,
हे क्रेडिट युनियनच्या खुर्चीत बसेपर्यंत ठाऊक नव्हतं.

टेबलापलीकडे चाई लोर.
तिसरीपर्यंत माझ्या बसमध्ये, पुढच्याच सीटवर,
कारण त्याला गाडी लागायची.
आता टाय. आता माझा आकडा त्याच्या पडद्यावर.

"मिसेस कोस्केला, हप्ता तर एकही चुकलेला नाही."
"नाहीच."
"कार्ड दोन हजारांचं. वर चढलेत अठराशे चाळीस."
"दात," मी म्हटलं. "मग बॉयलर. मग परत दात."

त्यानं खिडकीतून बंदराकडे बोट केलं.
धक्क्याला लागलेली बोट खनिज भरून घेत होती,
लाल बूड इंचाइंचानं पाण्याखाली.
"तुम्हाला काय सांगायचं, तुमच्या घरातला माणूस धक्क्यावरचा.
माल किती, हे नंतर.
आधी बघतात पाणी कुठल्या रेघेपर्यंत आलं.
आणि बघतात एकाच दिवशी. तुमचा दिवस सतरा.
त्या दिवशी स्टेटमेंट निघतं, तोच तुमचा फोटो.
बिल आल्यावर भरता ना? निघायच्या आधी भरा.
तिशीच्या खाली आणा. जमलं तर दहाच्या."

अंथरूण पाहून पाय पसरावेत, एवढंच मला माहीत.
हा पोरगा म्हणत होता, अंथरूण चांगलं लांब असू द्या
आणि पाय पोटाशी घेऊन झोपा.

मग मी शहाणपणा दाखवायला म्हटलं,
"तीन हजारांचं एक जुनं कार्ड आहे, कोरं. आजच बंद करते."
"कुठंय?"
"फ्रीझरमध्ये."
तो हसला नाही, याचं मला बरं वाटलं.

आर्विडला धक्क्यावरून कमी केलं त्या हिवाळ्यात
त्यानंच ते कॉफीच्या डब्यात ठेवून वर पाणी ओतलं होतं.
मोह झालाच तर वितळेपर्यंत तरी विचार होईल, म्हणाला.
पुढच्या हिवाळ्याला तो नव्हता. डबा होता.

"बंद करू नका," चाई म्हणाला,
"रिकामी जागा तुमच्याच बाजूनं मोजली जाते."

घरी येईपर्यंत तेच एक वाक्य गाडीत माझ्या शेजारी बसून होतं.

मग शुक्रवार. पगार झाला की चाळीस.
कधी पंचवीस. एकदा अकरा,
आणि त्या अकरांचीही पावती मी जपून ठेवली.
शाळेला सुट्ट्या लागल्या तेव्हा लोकांची गवतं कापली.
अठराशेचे नऊशे व्हायला दिवाळं निघायचं बाकी राहिलं,
नऊशेचे चारशे मात्र कसे झाले कळलंच नाही.

फेब्रुवारीत टायर. सहाशे चाळीस.
आकडा एकतीसनं खाली.
मी चाईला फोन केला, आवाज लहान पोरासारखा.
"पुढच्या महिन्यात भरा, विसरून जाईल.
चुकलेला हप्ता तो सात वर्षं धरून बसतो,
भरलेलं पोट मात्र फक्त आजचं बघतो."
माझ्या नणंदेला हे कुणी शिकवेल का?

मेमध्ये बँकेचं पत्र:
जुनं कार्ड वापरात नाही, तेव्हा बंद करत आहोत.
डबा काढून ओट्यावर ठेवला.
बर्फ सुटायला अख्खी दुपार गेली.
तळाशी चिकटपट्टी होती, पेन्सिलीनं लिहिलेली,
इतकी वर्षं बर्फाखाली, मला दिसलीच नव्हती:
*आयला, नक्की ना?*

कार्ड पुसलं. पक्ष्यांसाठी सूर्यफुलाच्या बिया घेतल्या,
चार डॉलर एकोणतीस सेंट.
रात्रीच भरून टाकले, सतराला अजून नऊ दिवस होते.

डबा उपडा घालून ठेवलाय. पट्टी वाळतेय.